चोचीचा उतारा

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत शबीना बागवान दिवसभर खेळणी मोडते. बाहुलीचे पाय कापायचे, मोटारीची चाकं उपटायची, खुळखुळा फोडायचा, त्यांचे मसूरडाळीएवढे तुकडे करून काचेच्या कुपीत घालायचे, आणि याचा तिला दरमहा पगार मिळतो. आमच्या घरात हे काम फुकट करणारे तिघं आहेत, असं तिची भिगवणची शेजारीण म्हणते. शबीना हसते आणि एसटी पकडते.

तिचे वडील बादशाहभाई भिगवणच्या मासळी बाजारातले जुने व्यापारी. कल्ला उचलून ताजेपणा पाहिल्याशिवाय त्यांनी कधी मासा घेतला नाही, मग समोर सख्खा भाऊ का उभा असेना. मुलीने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली तेव्हा त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण ती लोकांच्या मालाचा कल्ला उचलून पाहणार एवढं समजलं आणि तेवढ्यावर ते खूश झाले. बारा वर्षं झाली त्याला. प्रयोगशाळेच्या प्रमुख सुप्रिया मॅडमनी सहा महिन्यांपूर्वी रिपोर्टवर सही करायचा अधिकार शबीनाला दिला. तिच्या सहीशिवाय आता खेळण्याचा रिपोर्ट बाहेर जात नाही.

अशात ते बदक आलं. पिवळं अंग, लाल चोच, दिसायला मोठं लोभस. बनवणारे निमगाव केतकीचे सर्जेराव, चाळीस वर्षं ऊस लावलेले. साठी आली तशी त्यांच्या डोक्यात खेळण्यांचा कारखाना शिरला. गावच्या तीस बायका तिथे कामाला लागल्या. पहिला मोठा माल तयार होता, खोक्यांत भरलेला होता, आणि अडला होता तो फक्त एका कागदासाठी.

बदकाचं अंग कडक होतं आणि चोच मऊ. दोन्ही एका प्लास्टिकची नव्हेत, हे शबीनाने कात्री लावताच ओळखलं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात एकाच पातेल्यातला असला तर. म्हणून तिने अंग वेगळं तपासलं आणि चोच वेगळी. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाचं तेलासारखं रसायन घालतात. ते प्लास्टिकात मुरतं, पण त्याला घट्ट बांधलेलं राहत नाही. लेकराने चोखलं की लाळेबरोबर पोटात उतरतं आणि वाढत्या अंगातल्या संप्रेरकांमध्ये लुडबूड करतं. त्याची मर्यादा ठरलेली आहे, वजनाच्या हजार भागांत एक भाग. बदकाचं अंग स्वच्छ निघालं. चोचीत निघाले हजारात साठ.

तिने नवी चोच कापली, नवं द्रावण केलं, पुन्हा मशीनवर लावलं. साठच. तिसऱ्यांदा एकसष्ट. मग तिने ‘नापास’ लिहिलं आणि जेवायला गेली. वाईट मात्र वाटलं, त्या तीस बायकांसाठी. पण वाईट वाटलं म्हणून आकडा खाली येत नसतो.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव स्वतः आले. पांढरे कपडे, ऐंशी किलोचा देह, आणि आवाज असा की बाहेरच्या वॉचमनला आतलं सगळं कळावं. सुप्रिया मॅडमनी त्यांना चहा दिला आणि शबीनाला बोलावून घेतलं. सही तुझी, तूच सांग, एवढंच त्या म्हणाल्या. बादशाहभाईंची मुलगी समोर पाहून सर्जेरावांनी आधी ओळख काढली, वडिलांची तब्येत विचारली, भिगवणच्या माशांचं कौतुक केलं. मग मोबाईलवर मांडून आणलेला हिशेब पुढे सरकवला. बदक ऐंशी ग्रॅमचं, त्यात चोच एक ग्रॅमची. अख्खं बदक एकत्र धरलं, तर थॅलेट येतं हजारात पाऊण. मर्यादा एक. म्हणजे बदक पास.

हिशेब तंतोतंत बरोबर होता. अडाणी माणसाशी वाद घालणं सोपं असतं, पण सर्जेराव अडाणी नव्हते.

“कारखान्यावर माझा ऊस आन शेजाऱ्याचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो,” ते म्हणाले. “माझा गोड आसंल, त्याचा पाणचट आसंल. पर उसात साखर किती निघाली त्यो उतारा सगळ्यांचा मिळून एकच काढत्यात. मग माझ्या बदकाची चोच तेवढी येगळी का गाळली?”

सगळा मुलूख ज्या रीतीवर जगतो, तीच ते सांगत होते. सुप्रिया मॅडमही क्षणभर विचारात पडल्या. शबीना पडली नाही.

“उसाची साखर एका पोत्यात जाती आबा, म्हणून तितं सरासरी चालती,” ती म्हणाली. “लेकरू काय बदक दळून खात न्हाय. ते चोच चोखतं.”

सर्जेरावांना राग आला. चोचीसाठी प्लास्टिकचे लाल दाणे मऊ हवेत म्हणून त्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतले होते, चांगले म्हणूनच घेतले होते. त्यांनी टेबलावरचं बदक उचललं, चोच दाढेखाली धरली आणि सगळ्यांदेखत चावायला लागले. साठीचा माणूस, तोंडात पिवळं बदक, पण हसायची कुणाची छाती झाली नाही. मिनिटभर चावून त्यांनी ते बाहेर काढलं आणि विचारलं, काय झालं मला?

“तुमाला काय व्हायचं न्हाय,” शबीना म्हणाली. “तुमी ऐंशी किलोचं, आन चावली मिनिटभर. ज्याच्यासाठी केलीय ते सात-आठ किलोचं असतंय. दात याय लागलं की दिवसभर तोंडातनं काढत न्हाय.”

सर्जेरावांनी बदकाची ओली चोच धोतराला पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

“आमची श्रेया नऊ किलोची हाय,” ते म्हणाले.

साच्यातून निघालेलं पहिलं बदक त्यांनी मोठ्या हौसेने नातीला नेऊन दिलं होतं. त्याला दीड महिना झाला. पोरगी ते उशाशी घेऊन झोपते. आता काय होईल, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज टेबलापलीकडेही जात नव्हता. शबीनाला त्यांची दया आली, पण तिने खोटा धीर दिला नाही आणि भीतीही घातली नाही. एका खेळण्याने लगेच काही दिसत नाही, डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा, पण बदक आजच काढून घ्या, असं तिने सांगितलं.

सर्जेरावांनी घरी बायकोला फोन लावला.

“कौसल्या, श्रेयाच्या हातातलं बदक काढून घे. न्हाय, मी आल्यावर न्हाय. आत्ता घे.”

कौसल्याबाईंनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. जरा वेळाने फोनमधून पोरीचं रडणं मात्र खोलीभर ऐकू आलं, हातचं हिसकावून घेतल्यावर लेकरू रडतं तसं. सर्जेराव ऐकत राहिले.

“रडू दे,” ते म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने टेबलावरचा ‘नापास’ शेऱ्याचा रिपोर्ट ओढून घेतला, पोच म्हणून सही करायला.