सुताराची बायको माहेरी गेली

तळेगाव ढमढेरे सोडलं त्या सकाळी माझी बॅग समोरच्या कांदा व्यापाऱ्याच्या काट्यावर तीनदा चढली आणि तीनदा उतरली. अम्मी आत एकेक डबा ठेवायची, विमानाला चालेल त्यापेक्षा वजन जास्त भरायचं, मग मी एकेक पुस्तक बाहेर काढायची. नऊ पुस्तकं घेऊन निघायचं ठरवलं होतं. शेवटी एकच जाडजूड कादंबरी उरली. तीही मी उचलली तेव्हा अब्बा पुढं झाले आणि त्यांनी चटणीचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"हे पुस्तक राहू दे आत," ते म्हणाले. "चटणी तिकडं बी मिळंल. हे आपलं निम्मं राहिलंय."

आपलं म्हणजे माझं आणि त्यांचं. अब्बा शिंपी. त्यांना वाचता येत नाही. मी तिसरीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायची आणि ते मशीन चालवत ऐकायचे. घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात मराठी. पुस्तकं दुकानात वाचली जायची म्हणून त्यांच्याबद्दलचं बोलणंही कायम मराठीतच झालं. गावातल्या वाचनालयाची पुस्तकं संपली तेव्हा मी पुण्याहून आणायला लागले. प्रत्येक नव्या पुस्तकाला अब्बा उरलेल्या कापडाचं कव्हर शिवायचे. त्या कादंबरीचं कव्हर शाळेच्या युनिफॉर्मच्या आकाशी कापडाचं होतं.

चुलतभावाच्या गाडीतून आम्ही निघालो. कोरेगाव भीमाच्या पुलावर कंपन्यांच्या बसेसची गर्दी होती, अर्धा तास तिथंच गेला. अब्बा पुढच्या सीटवर होते. मागं न वळता म्हणाले, "रविवारी फोनवर वाचशील ना?" मी म्हटलं, "दर रविवारी."

आयर्लंडमध्ये मी म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होमला नर्स आहे. मागं राहिलेल्यांना वाटतं की माणूस परदेशात गेला की त्याला वेळ आणि शांतता दोन्ही मिळतात. जे माझ्यासारखे निघाले त्यांना खरं काय ते माहीत आहे. बारा तासांची शिफ्ट, मग बस, मग खोलीवर येऊन भात लावायचा. तरी पहिले चार-पाच महिने मी रविवार पाळला. माझे सकाळचे अकरा, तिकडं दुपार. अब्बा फोन कापड बेतायच्या टेबलावर उभा करायचे आणि मी वाचायची. कादंबरी एका सुताराच्या घराची होती. चार-पाच पानं झाली की ते म्हणायचे, "बास आज. आता सुताराला बी जेवू दे."

माझं स्वतःचं वाचन मात्र तिथं गेल्यावर बिघडलं, आणि ते कसं बिघडलं ते मला उशिरा कळलं. मोठ्यानं वाचत वाढल्यामुळं मनात वाचतानाही माझे ओठ हलतात. स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडलं होतं तेव्हा एका सहकारी बाईनं हळूच विचारलं की मी प्रार्थना करतेय का. तिनं प्रेमानंच विचारलं. पण त्या दिवसापासून मी ओठ मिटून घेतले, आणि ओठ मिटल्यावर वाक्यं नुसती डोळ्यांखालून जायला लागली. त्यात कामातलं वाचन. शिफ्ट बदलताना हँडओव्हरचा कागद हातात येतो. त्यात कोण पडलं, कोणाचा डोस बदलला, कोण जेवलं नाही, एवढंच टिपायचं, बाकीचं सोडून द्यायचं. हे मला इतकं चांगलं जमायला लागलं की वॉर्डात माझं कौतुक व्हायचं. फोनवर पुस्तकं विकत घेऊन ठेवायची आणि पहिली दहा पानं अंगठ्यानं सरकवून द्यायची, हेही त्याच दिवसांत सुरू झालं.

एका रविवारी मी सलग तीन शिफ्ट करून आले होते. डोळे मिटत होते. अब्बांना वाचून दाखवताना पुढं लांबलचक मजकूर दिसला, संवाद नव्हता, आणि मी दोन पानं सोडून दिली. काहीच झालं नाही. अब्बा म्हणाले, "बास आज." पुढच्या वेळी मी एक पान सोडलं, त्याच्या पुढच्या वेळी एक अख्खं प्रकरण. कधी तर वाचता वाचताच शोधायची, कुठून उडी मारली तर कळणार नाही.

मग एकदा अब्बांनी विचारलं, "सुताराची बायको कुठं गेली गं? दोन-तीन रविवार झाले, तिचं बोलणंच न्हाई."

मला माहीत नव्हतं. मी गाळलेल्या पानांत ती कुठंतरी राहिली होती. मागं जाऊन बघावं एवढंही मी केलं नाही. मी म्हटलं, "माहेरी गेलीय ती."

"सुगीच्या दिवसांत?"

"हो. तिचा भाऊ आजारी आहे."

ते "हं" म्हणाले. मी पुढं वाचायला लागले.

दीड वर्षानं रजा मिळाली. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी कादंबरी घेऊन दुकानात गेले. शेवटची साठ-सत्तर पानं उरली होती, समोरासमोर बसून संपवू असं मनात होतं. अब्बा बाह्या जोडत होते. पुस्तक बघून म्हणाले, "राहू दे आता. बस जरा, चहा सांगतो."

चहा होतोय तोवर अब्बांचे जुने दोस्त बिरूमामा आले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. बिरूमामांनी नववीत शाळा सोडली आणि आता ऊस करतात. अब्बांच्या दुकानात त्यांना लहानपणापासून बघत आलेय मी. माझी चौकशी केली, मग सरळ फळीकडं गेले आणि बटणांच्या डब्यामागून एक पुस्तक काढलं. तीच कादंबरी, वाचनालयाची प्रत. मामांनी ती उघडली तेव्हा समासात कापडावर खुणा करायच्या खडूच्या निळ्या रेघा दिसल्या.

"तुझ्यामुळं लागलं बघ मला हे," मामा कौतुकानं म्हणाले. "तुझे अब्बा म्हनले, पोरगी फोनवर वाचती, पन लाइन कट व्हती, मधलं मधलं ऱ्हाऊन जातं. तेवढं तू वाचून दाखव. ऐकलेलं कुठं संपलं ते त्यांनी सांगायचं, मी रेघ मारायची. जोडाक्षरं अडकत्यात माझी, पन वाचतो."

मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. एक रेघ जिथून मी उडी मारली होती तिथं, दुसरी जिथून पुन्हा सुरू केलं होतं तिथं. मधली पानं बोटं फिरून फिरून मळली होती. अशा पंधरा-वीस जोड्या असतील. अब्बांनी मान वर केली नाही.

मामा चहा पिऊन उठले. ते गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी मशीन थांबवलं. "तिचा भाऊ आजारी हाय म्हनलीस तवा. सुगी सोडून ती बाई माहेरी जानारी न्हवती. मग वाचनालयाला सांगून पुस्तक मागवून घेतलं आन् बिरूला बसवलं. ती मेली हुती, नसीम. मेलेल्या बाईला तू माहेरी धाडलंस."

मी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

"दमली असशील तर दमले म्हन की. मी काय रागावनार हुतो? तिकडं किती काम असतं ते काय मला कळत न्हाई व्हय? पन ह्यांला वाचता येत न्हाई, ह्यांला कुठं कळतंय, असं..." एवढं बोलून ते थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाही उलटी करून शिवण तपासायला लागले.

दुपारी घरी येऊन मी ते प्रकरण वाचलं. पहिल्यांदा. ती बाई सुपात हरभरा पाखडत बसलेली असते आणि तशीच भिंतीला टेकते. सुतार परसात खाट ठोकत असतो, त्याला कळतच नाही. तो दोनदा पाणी मागतो. तिसऱ्यांदा स्वतः उठून घेतो, पितो, आणि तिच्यासाठी तांब्या भरून तिच्याजवळ ठेवून पुन्हा कामाला जातो. अडीच पानं. मी ती वरून बघितली होती, संवाद नाही म्हणून सोडली होती.

संध्याकाळी मी अब्बांना म्हटलं, "ते प्रकरण मी वाचून दाखवू का?"

"ऐकलंय मी ते," ते म्हणाले. "बिरूला तीन दिस लागले. अडखळतो, पन सोडत न्हाई."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे." उरलेल्या रजेत त्यांनी माझ्यासाठी दोन ड्रेस शिवले, बाजारातून मला आवडतात ती वांगी आणली, नातेवाइकांकडं कासुर्डीला घेऊन गेले. पुस्तकाचा विषय काढला नाही. बिरूमामाही नंतर पेपरच वाचून दाखवायला लागले. मी निघाले त्या दिवशी अम्मीनं आकाशी कव्हरची कादंबरी न विचारता बॅगेत ठेवली.

परत आल्यावर रविवारचे फोन चालूच राहिले. थंडी किती आहे, जेवलीस का, तुमचा गुडघा कसा आहे. दहा मिनिटांत बोलणं संपायचं.

मी ती कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली. रोज बसमध्ये दोन-तीन पानं. ओठ हलले तर हलू दिले. शेजारची माणसं काय समजायची ती समजोत. फार हळू जातं. मन सारखं पुढं धावतं, डोळे आपोआप खाली घसरतात, त्यांना पुन्हा वर आणावं लागतं. कित्येकदा एकच पान तीनदा वाचलं. जिथं आम्ही थांबलो होतो तिथं आले तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि पुढं वाचलं नाही.

आठ महिन्यांनी एका रविवारी, गुडघ्याबद्दल सांगून झाल्यावर, अब्बा एकदम म्हणाले, "त्या सुताराचं पुढं काय झालं? वाचलंस का तू?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला सोडून नाही वाचलं."

"मग वाच की."

पुस्तक उशाशीच होतं. मी रात्रपाळी करून आले होते, अंगातला युनिफॉर्मही काढला नव्हता. हो म्हणावं असं फार वाटलं. नाही म्हटलं तर ते पुन्हा कधी विचारणार नाहीत याची भीती वाटली.

"आज नको, अब्बा," मी म्हटलं. "आज दमलेय. बुधवारी सुट्टी आहे, बुधवारी वाचते."

ते म्हणाले, "बरं. झोप तू."

बुधवारी मी चार पानं वाचली. त्यात दीड पान नुसतं लाकडाचं वर्णन होतं, कोणतं लाकूड कशाला लागतं ते. तेही सगळं वाचलं. संपल्यावर मला वाटलं, ते "बास आज" म्हणतील.

ते म्हणाले, "मधलं काय सोडलं न्हाईस ना?"

"नाही, अब्बा."

आता दर वेळी वाचून झालं की ते हे विचारतात. रागानं नाही, सवयीनं. मला ते दर वेळी लागतं. मी इथं काय वाचते, काय गाळते, याचं कुणालाच काही पडलेलं नाही. गाळलं तर कौतुक होतं. घर म्हटलं की मला आता ओटा नाही आठवत, गल्ली नाही आठवत. हे एवढं विचारणारा माणूस आठवतो, आणि मी फोन लावते.