शहिदाच्या झाडाच्या शेंगा

आमच्या समोरच्या काकूंचा मुलगा बस्तरच्या जंगलात ड्यूटीवर असताना शहीद झाला. तेव्हा तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावानं अशोकाचं रोप लावलं गेलं. भोवती लोखंडी जाळी, तिच्यावर त्याचा फोटो. आम्ही सगळे आळीपाळीनं पाणी घालायचो, तरी उन्हाळ्यात ते वाळलंच. वाळलेलं रोप उपटायचा धीर मात्र कोणाला होईना.

शेवटी काकूंनीच ते काढलं आणि आपल्या अंगणातल्या शेवग्याची फांदी तिथं खोचली. शेवग्याला इकडे छत्तीसगढात मुनगा म्हणतात. काही जण कुरकुरले. शहिदासाठी वड-पिंपळासारखं काही तरी शोभणारं झाड हवं, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी ऐकून घेतलं आणि फांदीभोवती माती दाबत राहिल्या.

फांदीनं जीव धरला. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास झाड शेंगांनी लगडलं, पण कोणी हात लावेना. येणारे-जाणारे चप्पल काढून नमस्कार करत आणि पुढे जात.

एकदा मी गोल बाजारातून भाजी घेऊन येत होते. पिशवीतून शेंगा डोकावत होत्या. काकूंनी मला थांबवलं.

"दारात झाड असून मुनगा विकत आणून राहिली काहून?"

मी चाचरत म्हटलं, "काकू, शहिदाच्या झाडाचं कसं तोडायचं?"

आपण त्यांना दुखावलं असं वाटून मी खाली पाहू लागले. पण त्यांना हसू फुटलं होतं.

"अवं, सुट्टीवर आला का तो घरी जेवे काय? साऱ्या पाऱ्यात खाऊन ये. त्याच्या झाडाचं तुम्ही खाल्लं तर त्याले बरंच वाटन. जाय, बांबू आन."

मी बांबू आणला. काकू बांबूनं शेंगा पाडत होत्या आणि मी ओच्यात गोळा करत होते. घरोघरी जुड्या पोचल्या. दुपारी कोणाकडे बेसन घातलेला मुनगा शिजला, कोणाकडे बडी, म्हणजे डाळीचे वाळवलेले सांडगे, घालून. शेजारच्या छत्तीसगढी दीदीनं काकूंसाठी वाटी भरून आणली. काकूंनी चव घेतली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. इतक्या दिवसांनी त्यांनी कोणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, याचाच आम्हाला आनंद झाला.

त्या उन्हाळ्यात मुलाच्या तुकडीतला त्याचा पंजाबी मित्र भेटायला आला. दोन वेळा मागून वरण-शेंगा खाल्ल्या. निघताना त्यानं संकोचत एक फांदी मागितली, गावी शेताच्या बांधावर लावायची होती. काकूंनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली आणि गाडीत रोज पाणी शिंपडायला बजावलं.

पुढे एका सकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला. मोबाईल घेऊन काकू चपला न घालताच आमच्याकडे धावत आल्या. पडद्यावर एका फांदीला इवलीशी हिरवी पानं फुटलेली दिसत होती.