कांबळेसाहेब दमले होते, एवढंच

त्या दिवशी कांबळेसाहेबांना ‘पेन’ हा शब्द म्हणायला अकरा मिनिटं लागली, आणि शेवटी तोंडातून आलं ते ‘फलाट’. पेन माझ्या हातात होतं. ते पेनच आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. चुकीचा शब्द बाहेर पडला हेही त्यांना कळलं. त्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून डोळे मिटले.

संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘पेशंटला उत्साह कमी.’ ते वाक्य मला पुढे फार टोचलं.

मी स्पीच थेरपिस्ट. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. कोल्हापुरात तेव्हा आमचा धंदा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तोतऱ्या पोरांची बाई, एवढीच माझी ओळख. स्ट्रोकचे पेशंट माझ्याकडे पाठवायचे ते आमच्या हॉस्पिटलचे न्यूरॉलॉजिस्ट. स्ट्रोक म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं किंवा फुटणं. त्यात भाषेचा भाग सापडला की होतो तो अफेजिया. माणूस वेडा होत नाही, बहिरा होत नाही. त्याला सगळं कळत असतं, पण शब्द सापडत नाहीत.

दिनकर कांबळे, वय बावन्न, राहणार कागल, बसस्टँडवर कंट्रोलर. म्हणजे गाड्यांच्या वेळा सांभाळणारा आणि माइकवरून पुकारणारा माणूस. त्यांचा चेहरा कुणी ओळखत नसेल, पण आवाज अर्धा जिल्हा ओळखायचा. अडीच महिन्यांपूर्वी ड्युटीवरच स्ट्रोक आला. उजवा हात थोडा अधू झाला आणि आवाज होता तसा राहून शब्द गेले.

त्यांचा मुलगा प्रशांत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्या संध्याकाळी तो माझ्या टेबलासमोर उभाच राहिला.

“मॅडम, राग मानू नका. अडीच महिनं झालं, पेन म्हणायचं तर फलाट म्हणत्यात. आमी पप्पास्नी बेंगलोरला न्यायचं ठरीवलंय.”

“तिथं काय आहे?”

“मशीन हाय. डोक्याला हलका करंट देत्यात. थकवा बी जातोय, बोलणं बी येतंय म्हणं. म्हैनाभर रोज जायला लागतंय.”

“आणि मेडिकल बोर्ड?”

घोडं तिथंच अडलं होतं. पाच आठवड्यांनी कांबळेसाहेबांना मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं होतं. प्रश्नांची उत्तरं देता आली तर डेपोत हलकं काम मिळणार, नाहीतर अनफिट ठरवून घरी बसवणार. आणि स्टँडवर जायचं नाही म्हटल्यावर हा माणूस खचणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. ते कायम घाईत असत.

“सर, ते करंटचं मशीन खरंच कामाचं आहे का?”

“ओल्या स्पंजमधून अगदी सौम्य करंट मेंदूपर्यंत पोचवतात. कुठे चुंबकाच्या लहरी देतात. उद्देश एकच, सुस्तावलेला भाग जागा करायचा. अजून अभ्यास चाललेत. थेरपीच्या जोडीला उपयोग होईलही कदाचित, पण थेरपीच्या जागी नाही.”

“मग पाठवू?”

“पेशंटला उत्साह कमी, असं तूच लिहिलंयस. तो का कमी, ते शोधलंस?”

शोधलं नव्हतं. मला रागच आला, आणि राग आला म्हणूनच मी रविवारी सकाळी साडेनऊला कागलला त्यांच्या घरी जाऊन थडकले.

दार कांबळेसाहेबांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. “या... बसा,” म्हणाले. मी पर्समधून पेन काढलं.

“हे काय आहे?”

“पेन.”

लगेच! मी घड्याळ दाखवलं, घड्याळ म्हणाले. किल्ली दाखवली, थोडं अडखळून किल्ली म्हणाले. मी बघतच राहिले. माझ्याकडे येणारा माणूस हा नव्हेच.

तेवढ्यात पाहुणे यायला लागले. आजारी माणूस घरी आला की भेटायला जायचं, ही आपल्याकडची रीत. त्यात हा सगळ्यांच्या ओळखीच्या आवाजाचा माणूस. गल्लीतले आले, विहारातले आले, स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर आले. कुरुंदवाडहून एक आजी आली, तिचा यांच्याशी संबंध एवढाच की तिची गाडी हे पुकारायचे. सगळी माणसं मायेची, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच.

“वळखलंसा का मला? मी कोण? सांगा बगू नाव!”

कांबळेसाहेब घाम पुसत नाव शोधायचे. सापडलं की टाळ्या, नाही सापडलं की चुकचुकणं. मग एक कंडक्टर म्हणाला, “सायेब, एक डाव कुरुंदवाडची गाडी लावा की!”

आणि ते खुर्चीत ताठ झाले. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. कुरुंदवाडला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे.” एक अक्षर चुकलं नाही. त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, पदर डोळ्यांना लावला. “बगा मॅडम, येतंय की सगळं! मनावर घेत न्हाईत, दुसरं काय!”

हे कोडं घरच्यांना नेहमी पडतं. हजारदा म्हटलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. पाढे, प्रार्थना, शिव्या, आणि यांची ही घोषणा. ते ओठांवर तयार असतं. पण ‘मला पाणी द्या’ हे नवं जुळवावं लागतं, आणि खरा कस तिथं लागतो. स्ट्रोकनंतरचा थकवाही साधा नसतो. आपल्याला डोंगर चढून होईल तेवढी दमणूक त्यांना दहा नावं आठवताना होते.

साडेअकराला शेवटचा पाहुणा चप्पल घालत होता, तेव्हा मी पुन्हा पेन दाखवलं. कांबळेसाहेबांनी पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळे मिटले.

रोज सकाळपासून असा परीक्षेला बसलेला हा माणूस मी संध्याकाळी पाचला बोलवत होते. का, तर माझी सकाळ पोरांसाठी राखलेली होती. आणि आल्या आल्या माझा पहिला प्रश्न काय असायचा? ‘तुमचं नाव सांगा.’ म्हणजे दिवसाची शेवटची पाहुणी मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रशांतला म्हटलं, “तीन आठवडे द्या. नाही जमलं तर बेंगलोरला मी स्वतः चिठ्ठी देते. पण आधी हे पाहुणे बंद.”

शोभाताई उसळल्या. “आलेल्या माणसाला दारातनं माघारी लावायचं? गाव काय म्हणंल?”

“मग वेळ ठरवा. टाइमटेबल करा.”

टाइमटेबल म्हटल्यावर कांबळेसाहेबांनी डोळे उघडले. प्रशांतनं पुठ्ठ्यावर लिहिलं. नऊला बोलण्याचा सराव, साडेनऊला विश्रांती, अकरा ते बारा पाहुणे. साहेबांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि डाव्या हातानं बाराचे सव्वाअकरा केले. पुठ्ठा दारावर लागला. गंमत म्हणजे कुणी रागावलं नाही. उलट लोक सव्वाअकराला आपसूक उठायला लागले. कंट्रोलरनं वेळ दिली म्हटल्यावर कागलात कोण वाद घालणार?

पोरांना मी संध्याकाळी हलवलं, थेरपी सकाळी नऊवर आणली आणि त्यासाठी मीच कागलला जायला लागले. वस्तूंची नावं बाजूला ठेवली आणि एकच वाक्य शिकवायला घेतलं. ‘मी दमलोय.’

हे वाक्य त्यांना अजिबात पसंत नव्हतं. ‘मी’ म्हणायचे आणि मान हलवायचे. शोभाताई म्हणाल्या, “उभ्या जल्मात दमलोय म्हणाले न्हाईत. आता काय म्हणत्यात!” मी हट्टाला पेटले. बारा दिवस आम्ही दोघं त्या दोन शब्दांवरून भांडत होतो.

तेराव्या दिवशी शोभाताईंचा फोन आला. हसताहेत की रडताहेत, कळेना.

“मॅडम, ह्यांचे साडू आलते. साडेअकरा झालं तरी उठंनात. वर ‘माझ्या पोरांची नावं सांग’ म्हणाले. तर हे म्हणाले, ‘साडू, मी दमलोय. उठा.’”

‘मी दमलोय’ माझं होतं. ‘उठा’ मी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः जुळवलं होतं. फोन ठेवून मी क्लिनिकमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शब्द हळूहळू येत गेले, आणि बेंगलोरचा विषय प्रशांतनं पुन्हा काढला नाही.

बोर्डाच्या दिवशी न्यूरॉलॉजिस्ट सरांच्या चिठ्ठीवर आम्ही सकाळची वेळ मागून घेतली. साहेब आत गेले. प्रशांत आणि मी बाहेर बाकावर. पंधरा मिनिटांत ते एकटेच बाहेर आले आणि भिंतीला डोकं टेकून बसले.

“पप्पा, झालं? काय म्हणालासा आत?”

“दमलोय... म्हणालो.”

प्रशांतनं डोक्याला हात लावला. “बोर्डापुढं? मॅडम, तुमीच शिकिवलं हे!”

बोर्डापुढे दमलोय म्हणणं म्हणजे आपणच आपल्याला अनफिट लिहून देणं. पाच आठवड्यांची मेहनत मी माझ्याच हातानं मातीत घातली, असं वाटलं.

दहा मिनिटं ते तसेच डोकं टेकून बसून राहिले. मग साहेबांनी डोळे उघडले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, शर्ट नीट केला आणि कुणाला न विचारता परत आत गेले.

अर्ध्या तासानं बोर्डाचे डॉक्टर दारात आले. “यांना दमलोय म्हणायला कुणी शिकवलं?”

मी शाळकरी पोरीसारखा हात वर केला.

“बरं केलंत. दहा मिनिटं मागून घेतली, आणि परत येऊन राहिलेली सगळी उत्तरं दिली. बाकीचे दमले की गप्प होतात, आणि आम्ही लिहितो, उत्तर देता येत नाही.”

मला माझी फाइल आठवली आणि मी खाली बघितलं. पण छातीवरचा धोंडा उतरला होता. बोर्डानं हलकं काम मंजूर केलं: सकाळची अर्धी पाळी, माइक नाही, गाड्यांच्या नोंदी ठेवायचं काम. प्रशांतनं वडिलांना मिठी मारली, आणि साहेबांनी त्याला घड्याळ दाखवलं. विश्रांतीची वेळ झाली होती.

त्या मशीनला मी नावं ठेवत नाही. पुढे कुणाकुणाला उपयोग झालेलाही ऐकला. पण मशीन लावायच्या आधी माणसाची झोप-विश्रांती झालीय का, हे मी आता विचारते. आणि नव्या पेशंटला पहिलं वाक्य स्वतःच्या नावाचं शिकवत नाही, ‘मी दमलोय’ हेच शिकवते. फाइलमधली ती ओळही मी खोडली आणि वर लिहिलं, ‘थेरपिस्टची वेळ चुकली.’

काही महिन्यांनी स्टँडवर गेले, तर साहेब खिडकीत नोंदी करत बसलेले. माझी खोड जात नाही. मी विचारलंच, “काय साहेब, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?”

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि मिशीत हसत म्हणाले, “मॅडम, दमलोय.”

सकाळचे नऊ वाजले होते. नुकतेच कामावर आले होते.