गिरमिटाचा लाल दोरा

९ एप्रिल. कुरडयांच्या गव्हाचं पाणी बदलून आत्ताच बसलेय. आज तिसरा दिवस. उद्या वाटून चीक काढायचा. हातात तासभर आहे, तेवढ्यात लिहून होईल.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. नारायणगडावर दर वर्षी जाते, तिथंही नाही — पोरींसाठी मागते, नारळ फोडते आणि खाली उतरते. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं चार वर्षं स्वतःला म्हणत आले. चोरी नाही, मारहाण नाही. एक दोरा बोटभर सरकवला, एवढंच.

बघा — पहिल्याच दमात मी ते लहान करून सांगितलं. एवढंच नव्हतं ते. नीट सांगते.

आज सकाळी चंद्रकला गहू बघायला आली होती. चंद्रकला म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, गोदावरीच्या काठावर, मध्ये दोन गल्ल्या. गहू दाबून बघता बघता ती म्हणाली, "आक्का, रशीदभाईचा फोन आलता. अजून एक डोणी पायजे म्हणतेत. तुमीच करा बाई. माझा हात वंगाळ हाय."

हसत म्हणाली. मग हात पुसून निघून गेली.

माझा हात वंगाळ हाय — हे वाक्य तिच्या तोंडात मी घातलेलं आहे. तिला ते माहीत नाही.

एकाच खोडातून कोरून काढलेल्या होडीला आमच्याकडं डोणी म्हणतात. आता कोण करतं? बंधाऱ्यामुळं नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं, पण लोक थर्माकोलचा चप्पू, म्हणजे तराफा करतात, नाहीतर गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जातात. रशीदभाईंचा गेवराईत फळांचा धंदा. टरबुजांची वाडी मात्र नदीपलीकडं. एकदा त्यांची काहील उलटली, सगळी टरबुजं नदीनं नेली. त्याच वर्षी वाऱ्यानं त्यांच्या बांधावरचा जुना आंबा पडला. ते खोड ट्रॅक्टरनं ओढत घेऊन ते थेट माझ्या वडिलांच्या दारात आले. आबा सुतार. तरुणपणी त्यांनी आपल्या बापाबरोबर एक डोणी केली होती, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं.

आबांना किती आनंद झाला म्हणून सांगू! पण उजवा खांदा गेलेला. माझा भाऊ दत्ता टेम्पो चालवतो, त्याला सुतारकीत रस नाही. मग वाकस कुणी धरायचा? वाकस म्हणजे आडव्या पात्याचं हत्यार, कुदळीसारखं ओढून लाकूड तासायचं. डोणीचं सगळं काम त्याच्यावर.

आता माझं ऐका. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा तो वाकस उचलला होता. आबांनी तो हातातून काढून घेतला. म्हणाले, "पोरीच्या जातीनं वाकस धरू न्हाई." रागावले नाहीत, नुसता काढून घेतला. त्यानंतर लग्न होईपर्यंत आणि लग्नानंतरही मी त्यांची सुतळी धरली, गेरू कालवला, हत्यारांना तेल लावलं. पटाशी कुठं ठेवली, हे ते मला विचारायचे. मी वाकस परत कधी मागितला नाही. मागायला हवा होता का? असेल. पण मी वाट बघत राहिले — कशाची, तेही कळत नव्हतं.

चंद्रकला तेलगावकडच्या सुताराची पोर. काम सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी आबांचा हात वरच जाईना. ती चहा घेऊन आली होती. कपबशी खाली ठेवली, पदर खोचला, त्यांच्या हातातला वाकस घेतला आणि घाव घातला. एक, दोन, तीन. पत्रावळीसारखी पातळ ढलपी निघाली.

मी तिथंच सुतळी धरून उभी. आता काढून घेतील, आता घेतील... नाही घेतला. म्हणाले, "चालू दे."

सुनेनं धरलेला चालतो?

त्या दिवसापासून माझ्या घरात भाकरी थापताना मला दोन गल्ल्यांवरून तिच्या घावांचा आवाज यायचा. सगळे एकसारखे, एकाही घावाची घाई नाही. मी मुद्दाम कान द्यायचे, एखादा तरी चुकेल म्हणून. एकही चुकायचा नाही. माझी भाकरी करपायची. खोटं कशाला बोलू, ती रूपानं, पैशानं, कशानंही माझ्यापेक्षा वरचढ असती तर मला काही वाटलं नसतं. मला त्या आवाजाचा हेवा वाटायचा. तिचा हात दुखावा असं वाटायचं. एकदा तिला दोन दिवस ताप आला, तेव्हा मी गोड शिरा केला. पोरींना सांगितलं, सहज केला.

खोडाला बाहेरून आकार आला. रशीदभाई बघायला आले, बुडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आबा, बहू तर एकदम उस्ताद निघाली की तुमची!" आबा म्हणाले, "असा हात मी माझ्या बापाचा बघितला, अन् आता हिचा." मग रशीदभाईंचं लक्ष माझ्याकडं गेलं. "आक्का, तुमी बी हायेत का मदतीला?"

"गेरू कालवाया हाय," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून भोकं पाडायची होती. ही पद्धत सांगायला हवी, नाहीतर माझं करणं कळायचं नाही. डोणी आतून कोरताना बूड किती जाड राहिलं, हे दिसत नाही. म्हणून पालथ्या खोडाला आधी बाहेरून गिरमिटानं ओळीत भोकं पाडतात — काठाला दोन बोटं खोल, बुडाला तीन बोटं. प्रत्येक भोकात बाभळीची खुंटी ठोकून बसवायची. मग खोड उलथं करून आतून कोरत जायचं. आंब्याचं लाकूड पिवळट, बाभळीची खुंटी लालसर. लाल टोक दिसलं की तिथं थांबायचं. कोरणारा डोळे झाकून त्या खुंट्यांवर विश्वास टाकतो.

ते भोकांचं काम माझं. आबांनी स्वतः बोटं लावून गिरमिटाच्या पात्यावर लाल दोरा बांधून दिला. दोरा लाकडाला टेकला की थांबायचं. काठाच्या ओळी मी नीट पाडल्या. बुडासाठी आबांनीच दोरा वर बांधून दिला, त्याच्याही दोन ओळी नीट पाडल्या. दुपारी आबा आत जाऊन पडले. चंद्रकला पाण्याला गेली. मधल्या दोन ओळी राहिल्या होत्या.

मी दोरा एक बोट खाली, टोकाकडं सरकवला.

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

काम बिघडलं का? नाही. उलट फार छान काम झालं. ओळी सरळ, खुंट्या घट्ट. बाहेर राहिलेली टोकं करवतीनं साफ कापली आणि दोरा परत होता तिथं आणून ठेवला.

मग खोड उलथं केलं आणि ती आठ दिवस कोरत होती. आठ दिवस! मी रोज जाऊन बघत होते. एका शब्दानं थांबवता आलं असतं — अगं, मधल्या ओळी उथळ पडल्यात, माझी चूक झाली. चूक म्हणून खपलं असतं. मी मात्र तिला पाणी दिलं, ढलप्या पाटीत भरल्या.

नवव्या दिवशी दुपारी आबा डोणीत वाकले आणि बोटाच्या पेरानं बूड वाजवत गेले. मधे आल्यावर थांबले. परत वाजवलं. मग मधली एक खुंटी ठोकून बाहेर काढली आणि बोटाला लावली. तीनच्या जागी दोन बोटं. दुसरी काढली, तीही तेवढीच. डोणीच्या मधोमध, जिथं माणूस उभा राहतो तिथंच बूड पातळ, आणि एक बारीक चीर सुटायला लागलेली.

"सुमे, दोरा बराबर हुता न्हवं?"

"तुमीच तर बांधला की आबा," मी म्हणाले. शब्द न शब्द खरा.

चंद्रकला पुढं आली. "आबा, लाल टोक दिसल्यावर म्या एक घाव बी घातला न्हाई. ढलप्या बघा. खुंटीच्या पुढं कोरलं असंल तर बाभळीचं तुकडं ढलप्यांत निघतेल. एक जरी निघाला तर मला म्हना."

हुशार बाई. मला हे सुचलंच नव्हतं. पिवळ्या ढलप्यांत लाल कण नसला, म्हणजे तिचा हात निर्दोष आणि माझी भोकं उथळ. आबा मला म्हणाले, "जा, बुडाच्या ढलप्यांची पाटी घिऊन ये."

पाटी छपरामागं होती. करवतीनं कापलेली खुंट्यांची टोकं तिथंच पडलेली. मी दोन उचलली, कोयत्यानं त्यांच्या पातळ चकत्या केल्या, ढलप्यांत टाकल्या आणि हात घालून पाटी ढवळली. याला किती वेळ लागला असेल? तेवढ्या वेळात मला परत फिरता आलं असतं की नाही? आलं असतं.

आबांनी पाटी ओतली. त्यांना दोन चकत्या सापडल्या. तिसरी चंद्रकलेलाच सापडली. तिनं ती चिमटीत धरली, उन्हात फिरवून बघितली. मला वाटलं आता ती माझ्याकडं बघेल. तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"मग चुकला असंल," ती म्हणाली. "मला कळलंच न्हाई."

आबांनी वाकस उचलला, आत जाऊन भिंतीला टांगला.

डोणी वाया गेली नाही. बुडाला फळी ठोकली, डांबर भरलं. रशीदभाईंची टरबुजं तिच्यातूनच येतात. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. सून उतावीळ, असं जाईपर्यंत म्हणायचे. चंद्रकला शिलाई मशीन चालवते. पाट हलायला लागला तरी खिळा मारायला दत्ताची वाट बघते. आणि मला लोक म्हणतात, आक्काचा हात बापावर गेलाय.

त्या पाटीनंतरची सकाळ तेवढी सांगायची राहिली. आबांनी मला बोलावून घेतलं. वाकस भिंतीवरून काढून माझ्यापुढं ठेवला, म्हणाले, "काठ तासायचा ऱ्हायलाय. बघ जमतंय का." मी पात्याला धार लावली. डोणीशी बसले. पहिले दोन घाव उसळले, लाकूड फाटून निघालं. चंद्रकला चहा घेऊन आली होती. कपबशी माझ्याजवळ ठेवून हळूच म्हणाली, "आक्का, इथं लाकडाची नस उलटी हाय. तिरका धरा."

मी तिरका धरला. ढलपी पातळ निघाली.