यशूला पुरत नाही

पुण्याची गाडी सकाळी सातला लागायची. परभणीच्या स्टँडवर त्या दिवशी मी आणि मंजू एकाच सीटवर बसलो होतो, खिडकी तिच्याकडे, कारण तिला गाडी लागते. खाली दोघींच्या आया उभ्या होत्या, एकमेकींपासून जरा अंतर राखून. माझी आई म्हणाली, "मंजूला सोडू नको. परक्या गावात आपलं माणूस लागतं." मंजूच्या आईनं, म्हणजे काकूंनी, खिडकीतून दशम्यांचा डबा आत दिला आणि मला म्हणाल्या, "हिच्याकडं लक्ष ठेव ग. तू हुशार आहेस." मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. काकूंच्या हातचं खायला मिळणार म्हणूनही वाटलं असेल. त्यांच्या घरी मी दहावीपर्यंत रोज अभ्यासाला जायची, पण डबा पहिल्यांदाच मिळत होता.

बायांनो, आपल्या शाळेच्या ग्रुपवर तुम्ही गेले काही महिने एकच विचारताय. प्रज्ञा आणि मंजू बोलत का नाहीत? एका बाकावरच्या, एका गाडीनं पुण्याला गेलेल्या, आणि आता तोंडं फिरवतात? एकीनं तर लिहिलं, पुण्याला गेलं की माणसं शिष्ट होतात. तुमच्यातल्या अर्ध्या गावात आहात, अर्ध्या माझ्यासारख्या कुठे कुठे जाऊन पडलेल्या. दोन्हीकडच्यांना कळेल असं सांगते. गोष्ट दुधाची आहे, म्हणून इतके दिवस लिहायला लाज वाटत होती. आता ती गेली.

पुण्यात आम्ही कर्वेनगरला एका खोलीत तीन वर्षं काढली. मेसचा डबा दोघींत एक, ताप आला की एकीनं सुट्टी घ्यायची. पुढे माझं अमोलशी लग्न झालं, वारज्यात फ्लॅट घेतला. मंजूही लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे आली. तिनं नोकरी सोडली आणि घरातच पाळणाघर सुरू केलं. यशू झाली तेव्हा मला एका गोष्टीची काळजीच नव्हती, तिला ठेवायचं कुठं ह्याची. ऑफिसातल्या बायका कॅमेरेवाली पाळणाघरं शोधत हिंडायच्या. मी म्हणायची, मला कॅमेरा कशाला, माझी मंजू आहे.

माझी रजा बाळंतपणाच्या आधीपासूनच सुरू झाली होती, त्यामुळे यशूला पाचवा महिना लागला न लागला तोच कामावर जावं लागलं. वारजे ते खराडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. जाऊन येऊन धरलं तर दिवसाचे दहा तास लेकरू माझ्यावाचून. ते निव्वळ अंगावरच्या दुधावर होतं. वरचं काही द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, हट्टच म्हणा. ऑफिसात फीडिंग रूम होती, तिथं पंप लावून बसायचं, बाटल्या बर्फाच्या पिशवीत घालून आणायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूकडे द्यायच्या. बाटल्या इतरांच्यात मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

पहिल्याच आठवड्यात मंजू म्हणाली, "प्रज्ञा, यशूला पुरत नाही ग. तिसरी बाटली संपली तरी हात चोखत बसते."

आईला हे ऐकून कसं होतं ते ज्यांना लेकरं आहेत त्यांना सांगायला नको. मी एक बाटली वाढवली. दहा दिवसांनी पुन्हा तेच. यशूला पुरत नाही. मग मी ऑफिसला निघण्याआधी एकदा, तिथं तीनदा, घरी आल्यावर एकदा, असा पंप लावायला लागले. अळीवाचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली, मेथीची भाजी खाऊन खाऊन अंगाला वास यायला लागला. जखमा झाल्या तिथं तूप लावून वर ब्लाउज घालून मीटिंगमध्ये बसले. त्याच महिन्यात मॅनेजरनं नव्या प्रोजेक्टची लीड व्हायला विचारलं. मी नाही म्हणाले. दिवसभरात इतक्या वेळा खोलीत जाऊन बसणारी बाई टीम कशी चालवणार? ती जागा माझ्या हाताखालच्या मुलाला मिळाली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण लेकरू उपाशी असताना कसली लीड.

लस द्यायला गेले तेव्हा डॉक्टरांसमोर रडू आवरेना. ह्या आमच्या डॉक्टरीणबाई अस्सल पुणेरी. यशूला काट्यावर ठेवलं, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हिला हत्ती करायचंय का?" मग नीट समजावलं. अंगावरच्या दुधावरच्या बाळाची दर महिन्याला बाटली मोठी करत न्यायची नसते. बाळाच्या वाढीबरोबर दूधच बदलतं, माप साधारण तेवढंच राहतं. आपण जितके तास घराबाहेर, तासाला तीस ते चाळीस मिली धरायचं, थोड्या थोड्या वेळानं, मांडीवर घेऊन, सावकाश पाजायचं. हात चोखणं म्हणजे प्रत्येक वेळी भूक नव्हे. लंगोट ओले होतात, वजन वाढतंय, मग पुरतंय. "तुम्ही जवळजवळ दुप्पट पाठवताय," त्या म्हणाल्या, "एवढं जातंय कुठं?"

मी हे मंजूला जसंच्या तसं सांगितलं. तिनं काय उत्तर द्यावं? "डॉक्टरांचं काय जातं बोलायला. दिवसभर रडणारं लेकरू माझ्या कडेवर असतं." आणि मी मूर्ख, डॉक्टरांवर नाही, मंजूवर विश्वास ठेवला. डॉक्टर परक्या. मंजू माझ्या गावची. पुण्यात राहून बाकी सगळं शिकले, एवढं एक शिकले नाही.

एक दिवस ऑफिसातलं काम दुपारीच संपलं. यशूला लवकर घेऊ म्हणून थेट मंजूकडे गेले. बेल वाजवली, तर दार काकूंनी उघडलं. मंजूची आई पुण्यात आलीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं; सकाळ-संध्याकाळ यशूला द्यायचं-घ्यायचं ते दारातूनच. "अग बाई, प्रज्ञा. ये की, बस. मंजू खाली गेलीय, शाळेच्या व्हॅनमधून पोरं घ्यायला."

यशू सतरंजीवर पालथी पडून खेळण्याशी झटापट करत होती. मला पाहून खुदकन हसली. भुकेलं लेकरू असं हसत नाही. काकू परत सोफ्यावर जाऊन बसल्या आणि त्यांनी दुपट्यातलं एक इवलंसं बाळ मांडीवर घेतलं. मंजूच्या भावाचा मुलगा. सातव्याच महिन्यात झालेला, कितीतरी दिवस पुण्यातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, आणि त्याची आई अजून अंथरुणातच. मला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. "पावडर पचत नाही ह्याला," काकू म्हणाल्या. "आईचंच दूध पाहिजे म्हणाले डॉक्टर. मंजू दूधपेढीतून आणते. चांगल्या घरच्या बायांचं असतं म्हणे." आणि बाटली त्याच्या तोंडाला लावली. बाटलीच्या बुडाशी लाल ठिपका होता.

मी खाली बसले. ते लेकरू मान तिरकी करून, डोळे मिटून, एक घोट, मग दम, मग एक घोट, असं पीत होतं. त्याच्या तोंडची ती बाटली ओढावी असं क्षणभरही मनात आलं नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. उलट मनात आलं, अजून थोडं हवंय का ह्याला? माझ्या पिशवीत त्या दिवसाचं ताजं दूध होतंच.

मंजू आली. मला पाहिलं, काकूंच्या हातातली बाटली पाहिली, आणि हाताला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग आईला सांगावं लागलं असतं ना, कुणाचं आहे ते." आणि वर म्हणाली, "हळू बोल. आईला ऐकू जाईल."

तुम्हाला गावातल्यांना ह्यात काय दडलंय ते सांगायची गरज नाही, पण ज्या लांब गेल्या आणि विसरल्या त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बौद्ध. आमची घरं विहाराच्या मागे. मंजूच्या घरी मी दहा वर्षं गेले, ती ओट्यापर्यंत. माझी आई निघताना म्हणायची, "ओट्यावरच बस, बोलावल्याशिवाय आत जाऊ नको." कुणी कधी बोलावलं नाही, आणि कुणी कधी वाईटही बोललं नाही. मी समजत होते की ते सगळं परभणीच्या स्टँडवर राहिलं. मंजू आणि मी एका ताटात जेवलोय. ती ह्यातली नाही असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

दूध नेलं ह्याचा मला राग नाही. लेकराच्या तोंडचं दूध मोजणारी मी नाही. राग ह्याचा आहे की माझं लेकरू उपाशी आहे असं तिनं मला महिनोन्‌महिने सांगितलं. माझ्या तोंडावर. मी रडायची तेव्हा माझी पाठ थोपटून सांगितलं. मी लीडची जागा नाकारली तेव्हा म्हणाली, "बरं केलंस, लेकरापेक्षा काय मोठं." माझं नाव आईपुढं घ्यायला नको म्हणून ती मला वाईट आई ठरवत राहिली. दगा म्हणतात तो ह्याला. दुसरा शब्द मला सापडला नाही.

यशूला उचललं. निघताना मंजूला एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला माझं नाव सांग, आणि रोज घेऊन जा. जितकं लागेल तितकं."

त्यानंतरही काही आठवडे मी जादा दूध काढत होते. फ्रीजरचा एक कप्पा त्या पोरासाठी भरून ठेवला. अमोल म्हणाला, "नेऊन दे ना, लेकराचा काय दोष." मी म्हणाले, "दोष नाहीच. मी द्यायला तयारच आहे. एक नाव घ्यायचंय फक्त." फोन आला नाही. शेवटी मेसेज आला, तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. कप्पा तसाच राहिला, मग दूध जुनं झालं, आणि मी ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. पोराला पुढे दुसरी पावडर मानवली असं कळलं. ते ऐकून मला हायसं वाटलं, खरंच.

यशू आता कर्वेनगरला एका पाळणाघरात जाते. तिथल्या बाईंचं गाव, घराणं मला ठाऊक नाही, गोड बोलायची त्यांना सवय नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक बाटली परत माझ्या हातात ठेवली, अर्धी भरलेली. "हे उरलं. उगाच एवढं पाठवत जाऊ नका, पोट भरतं तिचं." मी लिफ्टमध्ये जाऊन रडले. कुणीतरी उरलेलं परत दिलं होतं.

जयंतीला गावी गेले होते. मंजूच्या घरावरून जाताना काकूंनी हाक मारली. ओट्यावर नातू रांगत होता, गाल गोबरे झालेले. मी बसले. काकूंनी त्याला माझ्या मांडीवर दिला. "बघ कसा झालाय. काय होतं ग हे लेकरू तवा." त्यानं माझी ओढणी तोंडात घातली. मी म्हणाले, "काकू, हा प्यायचा ते दूध माझं होतं."

काकूंनी गल्लीत कुणी आहे का ते पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "ठाऊक आहे ग मला. त्याच दिवशी कळलं, तुझं तोंड बघून." नातवाच्या तोंडातून माझी ओढणी काढली. "पण तू बोलायला नको होतंस. आता मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही." आणि त्यांनी त्याला माझ्या मांडीवरून उचलून घेतला आणि आत गेल्या.

मला वाटायचं, घर म्हणजे जिथं आपल्याला सगळे ओळखतात ते. त्या ओट्यावर कळलं, ओळखत सगळेच होते. नाव तेवढं कुणाला घ्यायचं नव्हतं. पुण्यात कुणी मूळ गाव विचारलं तर मी आता वारजे सांगते. "नाही, पण मूळचे कुठले?" वारज्याचेच. आई रागावते, रागावू दे. जिथं मी दिलेलं माझ्या नावानं घेतात आणि उरलेलं माझ्या हातात परत देतात, तेच आता घर.

हे मी ग्रुपवरच टाकतेय. मंजू ग्रुपवर आहे, तिची वहिनी आहे, त्यांच्या शेजारच्या तिघी आहेत. आता तुम्हालाही ठाऊक आहे.