घासून ये

भाच्याची चूक एका रिकाम्या जागेची. मावशीचं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, दवाखान्याने सूचनांचा कागद दिला आणि तिचा चष्मा नेमका घरी राहिला. मग शिकलेल्या भाच्याने रुबाबात वाचून दाखवलं, "उलटी झाल्यावर लगेच दात घासून ये."

"अगं बाई, दवाखाना एकदम एकेरीवर आला की!" टाके दुखेपर्यंत मावशी हसली. हसली की सगळे दात दिसायचे तिचे.

मावशीचा धंदा शिवणकामाचा. वर्षभरात तिने स्वतःचेच कपडे चारदा आत घेतले. जिना एका दमात चढू लागली. फक्त घास जरा घाईने गेला की उलटी, आणि मग बाथरूममधून ब्रशचा आवाज, खसखस, खसखस. "वाचकसाहेब, घासून आले हं!"

एक दिवस तिने नेहमीसारखा दोरा दातांनी तोडला. दोऱ्याबरोबर पुढच्या दाताचा कपचाही हातात आला.

दातांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "उलटीतल्या आम्लाने दात मऊ पडतात. त्यावर लगेच ब्रश म्हणजे काचपेपरच. बाकीचेही झिजलेत. कोणी सांगितलं लगेच घासायला?"

सोबत आलेल्या भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. "कोणी नाही हो. मलाच कसंतरी व्हायचं."

घरी येऊन त्याने तो कागद हुडकला. छापलं होतं, 'घासू नये'. दोन शब्दांत चांगली बोटभर जागा होती.

आता मावशी दोरा कात्रीने कापते. "किती बारीक झालात! मजा आहे बुवा!" असं गिऱ्हाईक म्हणालं की तळहात तोंडावर ठेवून नुसती मान हलवते. कोपऱ्यात तिच्या जुन्या मापाचा कापडी पुतळा उभा आहे. त्याला तोंडच नाही, तरी भाचा त्याच्याकडे पाठ करून बसत नाही. बाथरूम रिकामं असतं, दार सताड उघडं असतं, आणि त्याला ऐकू येतं, खसखस.

काल मावशी म्हणाली, "तो कागद दे रे. आता चष्मा आहे, माझी मी वाचते."

"सापडला की देतो."

कागद खिशातच होता. मावशीने पुढे केलेला हात जरा वेळ तसाच ठेवला, मग कात्रीकडे नेला.