साखरपुड्यानंतरचे रविवार

साखरपुडा झाला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. राहायला डोंबिवलीत, नोकरी कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये. ती कल्याणची. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. दोन्ही घरं मूळची कोकणातली, पत्रिका जुळली, पोहे खाऊन झाले आणि पंधरा दिवसांत साखरपुडाही झाला. लग्न मार्गशीर्षात धरायचं होतं. पण दिवाळीनंतर तिची आजी गेली आणि वर्षभर घरात कार्य नको, असं तिच्या आईनं ठरवलं.

ठरलेलं लग्न असं लांबलं तेव्हा तिच्या वडिलांनीच सुचवलं. ते निवृत्त शिक्षक, विचारांनी मोकळे. म्हणाले, "रविवारी दोघं बाहेर जात जा. ओळख होईल एकमेकांची. फक्त दिवेलागणीला घरी या."

पहिल्या रविवारी आम्ही कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर गेलो. मी शर्टाला कडक इस्त्री केली होती, स्टेशनजवळून अबोलीचा गजरा घेतला होता. तिनं तो घेतला, पण माळला नाही. पानातला पुडा तसाच हातात धरून ती बुरुजाजवळच्या दगडावर बसली. खाली खाडीत रेतीच्या होड्या होत्या. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. ऐकून तुम्ही उठून गेलात तरी चालेल."

मग तिनं सांगितलं. तिच्या ऑफिससमोरच्या वर्कशॉपमध्ये एक फिटर होता, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. तीन वर्षं दोघांचं ठरलं होतं. घरी कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत झालं असतं तर तिची नोकरी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती.

"मग साखरपुड्याला हो कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"मी हो म्हणालेच नाही. मला कुणी विचारलंच नाही."

मलाही आठवलं, मीसुद्धा विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुम्ही आत्ता मोडलंत तर बाबा महिन्याभरात दुसरा मुलगा आणतील. त्याची नोकरी अजून पक्की नाही. पक्की झाली, खोली मिळाली की आम्ही रजिस्टर लग्न करू. तोवर मला वेळ हवाय."

म्हणजे मी काय करायचं होतं, तर दर रविवारी तिला घरून घेऊन निघायचं, ठाण्याला सोडायचं आणि दिवे लागायच्या आत परत आणायचं.

मी तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं. चार लोकांनी हाच सल्ला दिला असता. पण तोपर्यंत माझ्याकडे कुणी इतकं मोठं काही मागितलेलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मनात एक वेडी आशाही होती, की इतके रविवार जातील, तिचं मन कदाचित फिरेल. मी हो म्हटलं.

पुढचे सात महिने आमचे रविवार असे गेले. दोनच्या सुमारास मी कल्याणला तिच्या घरी जायचो. तिची आई चहा द्यायची, वडील पेपर बाजूला ठेवून कारखान्याची चौकशी करायचे. आम्ही निघायचो. गाडीत ती खिडकीशी, मी समोर. ठाण्याला तो स्टेशनाबाहेरच्या पुलाखाली उभा असायचा, काळासावळा, उंच, हात मागं बांधून. पहिल्यांदा भेटला तेव्हा मला म्हणाला, "दादा, तुम्हाला काय बोलू तेच सुचत नाही मला." दोघं रस्ता ओलांडून गेले आणि मी तिथंच उभा राहिलो. हातात दोन-अडीच तास होते आणि जायला कुठं नव्हतं.

सुरुवातीचे दोन-तीन रविवार मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर पेपर वाचत काढले. पण एकदा परत आल्यावर तिच्या वडिलांनी सहज विचारलं, "तलावपाळीला गेलेलात ना? गाळ काढताहेत म्हणे. पाणी किती आहे?" मी तर बाकावरून हललोच नव्हतो. मीच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून मी ठरवलं, जिथं गेलो म्हणून सांगायचं तिथं निदान एकानं तरी जायचं.

मग मी ठाण्यातल्या जोडप्यांच्या सगळ्या जागा एकट्यानं फिरलो. तलावपाळीच्या कठड्यावर बसलो. उपवनच्या तलावावर गेलो, तिथं जोडपी रस्त्याकडे पाठ करून बसायची आणि ऊनही नसताना छत्री उघडायची. येऊरच्या चढावर अर्ध्यापर्यंत जाऊन आलो. कोपरीच्या बाजूनं खाडीकाठी गेलो. ओहोटीला तिथं चिखलाचा वास यायचा, तरी दोघंदोघं बसलेली असायची आणि त्यांना तो वास येत नसावा. शेंगदाणेवाला सवयीनं दोन पुड्या पुढं करायचा. मी दोन्ही घ्यायचो, कारण एक परत करताना तो माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघायचा.

साडेपाचला ती पुलाखाली परत यायची. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसून दिवस जुळवायचो.

"आज कुठं होतो आपण?" ती विचारायची.

"उपवनला. कमळं आलीत. एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसलेले, त्यांना काही मिळालं नाही."

"मग मी म्हणाले असेन, चला आता, किती वेळ बघणार?"

"नाही, तूच बघत बसलीस. मी चल म्हणत होतो."

ती हसायची. मी तिला कधी 'तू' म्हणायला लागलो ते माझ्याही लक्षात आलं नाही. ती मात्र मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणाली.

घरी गेल्यावर तिची आई विचारायची, "काय काय पाहिलंत?" मी सांगायला लागायचो आणि समोर बसलेली ती मध्येच म्हणायची, "अगं आई, आणि त्या म्हाताऱ्यांची टोपी पाण्यात पडली!" टोपीचं आमचं ठरलेलं नसायचं. ती तिथल्या तिथं जोडायची. मग मीही पुढं काहीतरी जोडायचो. आई पदराला हात पुसत हसायची. ती पाच-दहा मिनिटं आम्ही खरोखर लग्न ठरलेली जोडी असायचो. नंतर मी उठायचो, चपला घालायचो आणि जिना उतरताना पुन्हा एकटा असायचो. डोंबिवलीला पोचल्यावर माझी आईही तेच विचारायची, आणि तिलाही मी तेच सांगायचो. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी खरं वाटायचं.

मे महिन्यातला एक रविवार मात्र वेगळा गेला. आम्ही ठाण्याला उतरलो तर पुलाखाली तो नव्हता. त्याच्याऐवजी त्याच्या वर्कशॉपमधला एक माणूस उभा होता. त्यानं सांगितलं, अचानक काम निघालं, मालकानं सगळ्यांना थांबवून घेतलंय. निरोप देऊन तो माणूस गेला. आम्ही दोघं उरलो.

"मग?" ती म्हणाली.

"घरी जाऊया का?"

"इतक्यात कसं जाणार? बाबा विचारतील."

म्हणून आम्ही तलावपाळीला गेलो. सात महिन्यांत मी तिच्यासोबत फिरलो तो हा एकच दिवस. मी तिला जागा दाखवत होतो, ही इथं सावली असते, त्या गाडीवरची भेळ चांगली असते. ती हं हं करत होती. आम्ही होडीत बसलो. वल्हवणाऱ्यानं मधल्या देवळाला वळसा घालून होडी फिरवली. ती माझ्यासमोर, गुडघ्यांवर पर्स, आणि नजर स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर. मी बोलायला काहीतरी शोधत होतो. घरी तिच्या आईसमोर मला शब्द कमी पडत नसत, इथं एक सुचेना.

शेवटी मी म्हटलं, "त्याचं काम लवकर संपलं तर येईल तो."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तुम्हाला फार त्रास होतोय ना माझा?"

"नाही."

"खरं सांगा."

"त्रास नाही होत," मी म्हटलं. याच्यापुढं बोललो असतो तर सगळंच बोललो असतो. होडी काठाला लागली. मी हात पुढं केला, पण ती दुसऱ्या बाजूनं उतरून गेली होती.

त्या दिवशी घरी तिच्या आईनं विचारलं तेव्हा आम्हाला दोघांनाही सांगायला काही नव्हतं. "बसलो तलावावर," एवढंच ती म्हणाली. आईनं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. भांडण झालं असावं असं तिला वाटलं असणार.

जुलैच्या शेवटी तिच्या मामांनी मला उपवनला पाहिलं. मी एकटाच कठड्यावर भेळ खात होतो. ते जवळ आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "अहो जावईबापू, आमची भाची कुठाय?"

"मैत्रीण भेटली तिला. तिच्या घरी गेलीये, येईल आता."

मामा माझ्या शेजारी बसले. अर्धा तास बसले. ती येणार नव्हती हे मला माहीत होतं आणि हळूहळू त्यांच्याही लक्षात येत होतं. शेवटी उठले आणि मागं न बघता निघून गेले.

गाडीची वाट पाहताना मी तिला हे सांगितलं. ती घाबरली, पण रडली नाही. त्याची नोकरी पक्की झाली होती, कळव्याला एक खोलीही बघून ठेवली होती. रजिस्टर लग्नाची नोटीस द्यायची, की महिन्याभरानं लग्न. तेवढा महिना घरात कुणी तिच्यावर पहारा ठेवू नये एवढंच हवं होतं.

मी म्हटलं, "मी मोडतो. माझ्याकडून मोडलं की सगळे मला शिव्या देण्यात गुंततील. तुला कुणी काही विचारणार नाही."

"लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणू देत."

मामा कल्याणला येऊन काही सांगायच्या आत, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी लग्न मोडल्याचा निरोप धाडला. दोन दिवसांनी तिचे वडील मोहन्याला कारखान्याच्या गेटवर आले. पहिली पाळी सुटत होती. गर्दीतून वाट काढत ते माझ्यासमोर उभे राहिले.

"माझ्या मुलीत काय कमी दिसलं तुम्हाला?"

"काही नाही. मला दुसरी मुलगी आवडते."

"आणि सात महिने तिला घेऊन फिरलात?"

मी मान खाली घातली. मी बोललो त्यातला 'दुसरी' हा एकच शब्द खोटा होता.

ते म्हणाले, "मी तुम्हाला माणूस समजलो होतो," आणि निघून गेले.

ठरल्याप्रमाणे महिन्याभरानं तिनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून येता का, असं त्यानं मला विचारलं होतं. मी गेलो नाही. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. माझ्या आईनं माझ्याशी टाकलं, तिनं मात्र दोन महिन्यांत पुन्हा सुरू केलं. पुढं स्थळं बघायची म्हटलं की मुलीकडचे चौकशी करायचे आणि कुठून तरी त्यांना कळायचं, यानं ठरलेलं मोडलंय. काही वर्षांनी आईनं बघणं सोडून दिलं. मीही कुणाला खरं सांगितलं नाही. धाकट्या भावाचं लग्न झालं, तो बदलापूरला राहायला गेला. मग आई गेली. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मी एकटा राहिलो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी दारात तिचे वडील उभे होते. खूप थकले होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले नाहीत.

"तिला मुलगी झाली," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी मी बघायला गेलो. तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं."

मी समोर स्टूल ओढून बसलो.

"तुम्ही मला तेव्हा खरं सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

ते पंख्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नसतं ऐकलं." मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी बारसं आहे. आमच्याकडेच, कल्याणला. ती म्हणाली, तुम्ही आलंच पाहिजे."

रविवारी मी नवा शर्ट घातला, बाळासाठी चांदीचे वाळे घेतले आणि कसाऱ्याच्या गाडीत बसलो. कल्याण आलं. लोक उतरले. मी उठलोही होतो, दारापर्यंत गेलो होतो. मग गाडी सुटली आणि मी गाडीतच होतो. खडवलीला उतरलो. नदीवर मुंबईकडून आलेली कुटुंबं होती, पोरं पाण्यात होती, बायका दगडांवर डबे उघडून बसल्या होत्या. मी बूट काढून पाण्यात पाय सोडून बसलो. तिला बघायचं नव्हतं असं नव्हतं. पण तिथं सगळे माझे आभार मानणार होते, आणि ते मला ऐकवलं नसतं. ऊन उतरेपर्यंत बसलो आणि परतीच्या गाडीनं घरी आलो.

आठवड्यानं तिच्या वडिलांचं कार्ड आलं. सुवाच्य, मास्तरी अक्षर. 'आम्ही वाट पाहिली. प्रकृती ठीक आहे ना?' मी उत्तर लिहायला घेतलं. आधी लिहिलं, ताप आला होता. ते कार्ड फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, 'प्रकृती उत्तम. निघालो होतो, पण कल्याणला उतरणं जमलं नाही. खडवलीपर्यंत गेलो आणि परत आलो. बाळाला आशीर्वाद.' वाळे कागदात गुंडाळून पार्सलनं वेगळे पाठवले, आणि दुसऱ्या पाळीला मोहन्याला गेलो.